चार्जशीटसाठी थांबू नका, आधी दावा दाखल करा

खराडीच्या एका वाचक ताईंचे पत्र आहे. फेब्रुवारीत पबमधून निघालेल्या २२ वर्षांच्या मुलाने मोटारीने त्यांच्या भावाच्या दुचाकीला उडवले. भावाच्या मांडीत रॉड आहे, नोकरीही गेली. पबवर केस करता येईल का आणि दारू पिण्याचे वय वाढवले तर हे थांबेल का, असे त्या विचारतात. पुण्यातल्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ ला, दारू प्यालेल्या अल्पवयीन मुलाच्या मोटारीने झालेल्या अपघातापासून अशी पत्रे येतच आहेत.

ताई, महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी वय २५ आणि बिअर-वाइनसाठी २१ आहेच. त्या मुलाला व्हिस्की दिली असेल, तर ते आजच्याच नियमांत बेकायदा आहे. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने, रस्त्यांचा निधी कापण्याचा धाक घालून, सगळ्या राज्यांना २१ वय करायला लावले आणि तरुणांचे अपघाती मृत्यू घटले, हे खरे. पण आपल्याकडे पबच्या दारात वयाचा पुरावा नेमाने मागितला जात नसेल, तर आकडा वाढवून काय होणार? उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी तक्रार जरूर करा. पबकडून भरपाई मिळेल या भरवशावर मात्र राहू नका.

मला काळजी वाटते ती तुमच्या एका वाक्याची: ‘पोलीस म्हणाले चार्जशीट होऊ दे, म्हणून थांबलो.’ कशासाठी थांबलात? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत लागू आहे. तुमचा अपघात १२ फेब्रुवारीचा, आणि जुलै अर्धा सरला! फौजदारी खटला शिवाजीनगर कोर्टात कितीही वर्षे रेंगाळो, या दाव्याला त्याची वाट पाहावी लागत नाही.

या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही आहे. पण अंतरिम आदेश म्हणजे निकाल नव्हे. पोलिसांनी अपघाताचा अहवाल मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे (भरपाईचे दावे जिथे चालतात तिथे) पाठवला असेल, तर कलम १६६(४) प्रमाणे तोच अर्ज धरला जाऊ शकतो. तो गेला की नाही हे विचारा, पण त्यावर विसंबू नका.

आणखी एक. न्यायाधिकरणात तुम्हाला चालकाचा निष्काळजीपणा दाखवायचा आहे, दारू नव्हे. उलट चालक नशेत होता म्हणून विमा कंपनीच हात झटकायला पाहील. अनेक प्रकरणांत न्यायालयांनी ‘आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असे सांगितले आहे, तुमच्या प्रकरणात काय होईल ते पॉलिसी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि पगाराच्या स्लिपा घेऊन याच आठवड्यात वकील गाठा. अपंगत्वाचा दाखला मागाहून जोडता येतो.