भिंत चिऱ्याची, ठपका टीव्हीवर

या महिन्यात घरातील यंत्रांविषयी आलेल्या पत्रांपैकी तिघांना येथे उत्तरे देत आहे. तिन्ही पत्रलेखकांना काहीतरी नवे विकत घ्यावे लागेल असे वाटते आहे आणि तिघांनीही तूर्त पाकीट बाहेर काढू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यातील जुने, चिऱ्याच्या जाड भिंतींचे आहे. सहा महिन्यांपूर्वी फायबरची जोडणी घेतली. राउटर सोप्यात आहे आणि नवा टीव्ही माजघरात. रात्री आठ वाजता सासूबाई मालिका लावतात आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर चक्र फिरू लागते. जोडणी देणारा म्हणतो, पन्नासऐवजी शंभर एमबीपीएसचा प्लॅन घ्या. धाकटे दीर म्हणतात, टीव्हीच खराब लागला. काय करावे?
– एक वाचिका

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. एचडी चित्रासाठी साधारण 5 एमबीपीएस वेग पुरतो आणि अगदी फोर-के चित्र असले तरी 15 ते 25 एमबीपीएसच्या आत काम भागते. तेव्हा सोप्यापर्यंत जर खरोखर पन्नास येत असतील, तर सासूबाईंच्या मालिकेला ते पुरून उरतील. प्रश्न आहे तो सोप्यापासून माजघरापर्यंतच्या दहा-पंधरा पावलांचा. याची खात्री तुम्ही स्वतः करू शकता. मोबाइल वायफायवर ठेवून राउटरशेजारी उभ्या राहा आणि वेग मोजा, नंतर टीव्हीशेजारी जाऊन पुन्हा मोजा. पहिला आकडा चाळीस-पन्नास आणि दुसरा दोन-तीन आला, तर दोष भिंतीचा आहे आणि शंभरचा प्लॅन घेतल्याने भिंत पातळ होणार नाही.

आजचे बहुतेक राउटर दोन लहरींवर चालतात. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण जाड भिंतीपुढे लवकर हात टेकते, 2.4 गिगाहर्ट्झची लहर संथ असली तरी भिंतीतून अधिक दूर पोहोचते. चिरा सच्छिद्र दगड आहे, पावसाळ्यात तो ओलावा धरतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे उन्हाळ्यात बरा चालणारा टीव्ही आषाढात रडू लागला, तर त्यात नवल नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये वायफायची दोन नावे दिसत असतील, तर प्रथम 2.4 चे नाव निवडून पाहा. मात्र त्या लहरीवर एकमेकींत न मिसळणाऱ्या वाटा जेमतेम तीनच असतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. म्हणून बेळगावात शहापूर किंवा वडगावच्या गल्लीत, जिथे घराला घर लागून आहे आणि घरागणिक राउटर आहे, तिथे मी हाच सल्ला इतक्या खात्रीने दिला नसता.

कायमचा उपाय जुनाच आहे: तार. राउटरपासून टीव्हीपर्यंत चौकटीच्या कडेने लॅनची केबल ओढून घ्या. तिची मर्यादा शंभर मीटर आहे, तुमच्या घराला ती भरपूर झाली. सिग्नल वाढवणारे यंत्र घ्यायचेच झाले, तर ते टीव्हीला चिकटून न ठेवता वाटेत, जिथे सिग्नल अजून धड येतो, अशा दारालगतच्या जागी ठेवा, कारण जिथे मुळातच काही पोहोचत नाही तिथे ते वाढवणार काय? आणखी एक गोष्ट. कितीतरी घरांत राउटरवर धूळ बसू नये म्हणून लोकरीचे विणलेले झाकण घातलेले मी पाहिले आहे. विणकाम सुरेख असते, पण आत राउटर तापतो. ते झाकण काढा.

प्रश्न : निपाणीत आईसाठी स्मार्ट टीव्ही घेतला. पहिल्या पानावर बहुतेक कन्नड चित्रपट, हवामान बेंगळुरूचे आणि डिशच्या पॅकमध्ये मराठी वाहिन्या दोन-तीनच. आई विचारते, हा टीव्ही आपला की भाड्याचा? मराठी टीव्ही वेगळा मिळतो का?
– एक वाचक

उत्तर : वेगळा मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. तुम्ही कोठे राहता हे टीव्हीला ठाऊक नसते. तो इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाज बांधतो आणि हा पत्ता अनेकदा कंपनीच्या मोठ्या शहरातील केंद्राच्या नावावर असतो. टीव्हीच्या लेखी तुमची आई बेंगळुरूला राहते! हवामानाचे गाव हाताने बदलता येते. मेन्यूची भाषा, ॲपमध्ये दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांची भाषा आणि आवाजाची भाषा या तीन वेगळ्या सेटिंग आहेत. एक बदलली म्हणून उरलेल्या दोन बदलत नाहीत, आणि बहुतेकांची चिडचिड येथेच होते. आईंच्या नावाने स्वतंत्र प्रोफाइल उघडा, त्यात मराठी निवडा आणि आठ-दहा दिवस त्या प्रोफाइलवर नातवंडांना कार्टून लावू देऊ नका.

डिशचे पॅक राज्यानुसार बांधलेले असतात, म्हणून कर्नाटकातील ग्राहकापुढे कन्नड पॅक आधी येतो. परंतु 2019 पासून लागू असलेल्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांनुसार प्रत्येक वाहिनी सुटी घेता येते आणि तिची किंमत स्वतंत्रपणे जाहीर करावी लागते. आईंना हव्या असलेल्या पाच-सहा वाहिन्यांची नावे कागदावर लिहून मगच फोन करा. सह्याद्री वाहिनी तर विनामूल्य आहे.

प्रश्न : बेळगावातील आमच्या वाचनालयाची वीस वर्षांपूर्वीची इतिवृत्ते नव्या लॅपटॉपवर उघडली, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाइली गेल्या का?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : फाइली शाबूत आहेत. त्या काळचे अनेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत असत, म्हणून फॉन्ट नसला की खालचे इंग्रजी उघडे पडते. अक्षरे निवडून फॉन्टचे नाव पाहा, त्याच फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक संकेतात, आणा आणि मूळ फाइल पुसू नका. पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्या’ या तीन जागी चुका राहतात. तेवढ्या डोळ्यांखालून घाला.

पुढचे लेखन इनस्क्रिप्ट कळफलकावर करावे, अशी विनंती आहे. तो विंडोजमध्येच असतो आणि आपल्या भागाला त्याचा एक विशेष उपयोग आहे: भारतीय लिपींसाठी त्याची मांडणी एकसारखी असल्यामुळे मराठीतला ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचा ‘ಕ’ही येतो. वाचनालयाचे इतिवृत्त मराठीत आणि सरकारी कार्यालयाचा अर्ज कन्नडमध्ये, अशी दोन्ही कामे एकदा बसलेल्या बोटांनी होतात. दोन्ही भाषा सेटिंगमध्ये जोडल्या की विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलायची, एवढेच.