नाशिकमध्ये घरी ऑर्किडची कुंडी कधी आणि कशी बदलावी?

तुम्ही लिहिलंय की भेट मिळालेल्या फॅलेनोप्सिसची फुलं गळाली, मुळं कुंडीबाहेर लोंबायला लागली, तर आता मोठ्या कुंडीत माती आणि शेणखत घालून लावू का? मातीचं आधी सांगते: अजिबात नको. शेणखतही नको आणि मोठी कुंडीही नको.

हे झाडावर वाढणारं ऑर्किड आहे. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जुन्या झाडांच्या फांद्यांवर आपली आमरी बसलेली दिसते ना, त्याच जातकुळीतलं. मुळं सालीला धरून, पाऊस आला की भिजायची आणि वारा सुटला की सुकायची. त्यांच्यावर पाणी शोषणारा पांढरट थर असतो. ओला असला की मूळ हिरवं दिसतं, सुकला की रुपेरी. मातीत या मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. तेव्हा मुळं बाहेर येणं ही खोड नाही, तो त्यांचा स्वभाव आहे. बाहेरची मुळं कापू नका आणि आत कोंबूही नका. हवेत वाढलेलं मूळ एकदम ओल्यात दाबलं की बहुधा कुजतं.

कुंडी बदलायची ती आतलं मिक्स, म्हणजे मुळांभोवती भरलेली साल वगैरे, कुजलं म्हणून. सालीचे तुकडे चिमटीत चुरले जातात, कुबट वास येतो, झाड हलवलं तर डगमगतं. साधारण दीड-दोन वर्षांनी ही वेळ येते. पण विकत आणलेल्या झाडात एक छुपा घोळ असतो. वरून साल दिसली तरी मुळांच्या मधोमध बऱ्याचदा मॉसचा, म्हणजे ओल धरणाऱ्या शेवाळाचा, घट्ट गोळा असतो, रोप लहान असताना ठेवलेला. वरचं कोरडं झालं म्हणून आपण पाणी घालतो आणि आत तो गोळा ओलाच असतो. फुलं गेल्यावर झाड हळूहळू मरतं त्यामागे फार वेळा हाच गोळा असतो. म्हणून तुमच्या झाडाची कुंडी मी एकदा तरी उघडून बघेन.

कधी? नाशिकच्या हवेत मला दोन वेळा पटतात: थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीअखेर ते मार्च, नाहीतर जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो, आणि फॅलेनोप्सिस पंधराच्या खालीच आखडतं. त्या काळात दुखावलेली मुळं भरून येत नाहीत. एप्रिल-मे मधली चाळिशीजवळची कोरडी हवाही वाईट. मुळांना हिरवी-लालसर नवी टोकं फुटताना दिसली तर ती उत्तम वेळ. मात्र मुळं सडत असतील तर महिना बघत बसू नका.

कुंडी काढायच्या आधी तासभर पाणी घालून ठेवा, मुळं लवचिक होतात. मग प्लॅस्टिकची कुंडी चारी बाजूंनी दाबा आणि झाड अलगद ओढा. निघालं नाही तर कुंडीच कापा, ती दहा-वीस रुपयांची असते. जुनं मिक्स सगळं झटका, मधला मॉस बोटांनी सोडवा. जे मूळ दाबल्यावर पोकळ किंवा लिबलिबीत लागतं ते कापायचं, कडक असेल ते ठेवायचं, मग रंग कसाही असो. कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवून घ्या. कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावतात. लावा, पण फक्त टोकालाच, ती धडधाकट मुळाला सुकवते.

नवी कुंडी उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच, शक्यतो पारदर्शक, तळाला आणि बाजूला भोकं असलेली. भरायला पाइनची साल आणि लोणारी कोळसा. कोळसा इस्त्रीवाल्याकडेही मिळतो, दगडी कोळसा मात्र घेऊ नका. साल महाग वाटली तर नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे चालतात, पण त्यात क्षार असतात, म्हणून रोज पाणी बदलत तीन-चार दिवस भिजवायचे. सोडण जास्त ओल धरतं, तेव्हा पावसाळ्यात पाणी निम्म्यावर आणा. झाडाचा बुंधा मिक्सच्या वर राहू द्या आणि झाड हलत असेल तर काडीला बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी टोकं घासून मोडतात.

त्यानंतर चार-पाच दिवस पाणी नाही, जखमा सुकू द्या. सावलीत ठेवा. पुढे मुळं रुपेरी दिसली की सकाळी भरपूर पाणी घालून निथळू द्यायचं, पानांच्या मधल्या खळग्यात साचलं तर टिपून घ्यायचं. बोअरचं पाणी जड असेल तर पावसाचं साठवून वापरा. खत नवी टोकं दिसेपर्यंत नाही. मग कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. द्राक्षवाल्यांच्या घरी बोर्डो किंवा कॉपरची बुरशीनाशक औषधं पडलेली असतात आणि कुणीतरी हमखास ती मारायला सांगतं. ऑर्किडवर मारू नका, डेंड्रोबियम या दुसऱ्या जातीच्या ऑर्किडला तर ती खासच बाधतात.

डेंड्रोबियमचं नाव निघालंच आहे तर: त्याला कुंडी आणखी लहान आणि घट्ट आवडते, नवा कोंब फुटताना बदलायची. पानं झडलेल्या जुन्या कांड्या हिरव्या असतील तर ठेवा, त्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं.

फुलांचं म्हणाल तर फॅलेनोप्सिसला फुलांचा दांडा काढायला काही आठवडे गार रात्री लागतात, सोळा-अठरा अंशांच्या. त्या नाशिकमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरला आपसूक मिळतात. तेवढे दिवस झाड बाल्कनीत ठेवा आणि पारा आणखी उतरला की आत घ्या. दांडा निघाल्यावर फुलायला दोन-तीन महिने जातात, आणि मधल्या काळात कुंडीची दिशा बदलू नका, कळ्या वाकड्या होतात.