‘उद्यापासून नक्की’वाल्यांचे प्रश्न

यावेळी बरेचसे प्रश्न चालढकलीवरचेच आलेत, त्यातले काही निवडून घेतलेत. प्रश्न लांबलचक होते, मी थोडे कापलेत.

प्रश्न : मॅडम, सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय, वय २६. रोज आठ-नऊ तास अभ्यासिकेत असतो, वाचन झालंय, नोट्स आहेत. पण राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झालीय, उत्तरं लिहायची प्रॅक्टिस हवी आणि तीच सुरू होत नाही. टाइमटेबल तर इतक्यांदा बनवलंय की विचारू नका. मी आळशी आहे का?

उत्तर : आळशी पोरगा आठ तास अभ्यासिकेत बसत नाही रे, तो रूमवर लोळतो. तुझं घोडं एकाच ठिकाणी पेंड खातंय. वाचताना कोणी मार्क देत नाही, पान उलटलं, हायलायटर फिरवला की आपल्याला येतंय असं वाटत राहतं. पण कोऱ्या कागदावर ‘राज्यपालांचे स्वेच्छाधिकार’ लिहायला बसलास की तिसऱ्या ओळीलाच कळतं, कलम १६३ आठवतंय पण पुढे मांडायचं काय ते सुचत नाही, आणि हे कळणं इतकं नको असतं की माणूस उठून चहाला जातो नाहीतर नवीन टाइमटेबल आखायला घेतो. टाइमटेबल ही चालढकलीतली सगळ्यात सभ्य जात, कारण ते बनवताना अभ्यास केल्यासारखंच वाटतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल यांनी या विषयात बरीच वर्षं काम केलंय, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस कामापासून येणारी वाईट भावना टाळत असतो, काम टळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तीच सवय लागते. म्हणून ‘वेळेचं नियोजन कर’ हा सल्ला तुला मी देणारच नाही, तुझ्याकडे वेळ आहे की.

उद्या अभ्यासिकेत गेलास की पुस्तक उघडायच्या आधी एक प्रश्न, एक पान, आणि ते मुद्दाम भिकार लिहायचं ठरवूनच लिही. ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं आधीच पक्कं केलं की काम सुरू व्हायची शक्यता वाढते, पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलंय आणि नंतरही त्यावर भरपूर प्रयोग झालेत. म्हणजे ‘रोज लिहीन’ नको, ‘खुर्चीत बसलो, मोबाईल बॅगेत टाकला की पेन हातात’ असं पाहिजे. लिहिलेलं पान शेजारच्याला दे, त्याचं तू तपास. पहिले काही दिवस लाज वाटेल, वाटू दे. आणि खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे म्हणून निवांत राहू नकोस, ही सगळी टाळाटाळ त्या लांबच्या आकड्यावरच तर पोसली जाते.

प्रश्न : दरवर्षी आयटी रिटर्न शेवटच्या दिवशी भरतो, एकदा तर राहिलंच. ठाण्यात नोकरीला आहे, काम अवघड नाही हे कळतं. तरी का होतं असं?

उत्तर : कंटाळवाणं आहे म्हणून, आणि थोडी भीती की काहीतरी चुकेल नि नोटीस येईल. त्यात पगारदारांची नेहमीची ३१ जुलै असते पण २०२५ ला मुदत वाढून सप्टेंबरात गेली, असं झालं की आपण दरवर्षी ‘वाढवतील हो’ म्हणून बसतो. उशीर झाला तर पाच हजारांपर्यंत लेट फी, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार, शिवाय शेअर्समधला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही, हे बहुतेकांना तोटा झाल्यावरच आठवतं.

‘रिटर्न भरणे’ असं यादीत लिहूच नका. एका संध्याकाळी फक्त फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार नि कापलेल्या टॅक्सचा दाखला) आणि एआयएस (आयकर खात्याकडे असलेली तुमच्या उत्पन्नाची, व्यवहारांची नोंद) डाउनलोड करा आणि लॅपटॉप बंद. दुसऱ्या दिवशी दोन्हीतले आकडे जुळवा. तिसऱ्या दिवशी भरा. आणि भरलं की लगेच ई-व्हेरिफाय, त्याला ३० दिवस मिळतात म्हणून लोक तेही उद्यावर टाकतात, कमाल आहे.

प्रश्न : घरात सासू-सासरे, दोन मुलं, माझी नोकरी. रात्री अकराला सगळं आवरतं आणि मग एक-दीडपर्यंत रील्स बघत बसते. झोप आलेली असते तरी झोपायला जात नाही. सकाळी चिडचिड. स्वतःवर कंट्रोल कसा आणू?

उत्तर : ताई, झोप पुढे ढकलायच्या या सवयीवर नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लिहिलंय, म्हणजे तुम्ही एकट्या नाही. पण तुमच्या बाबतीत मला कंट्रोलपेक्षा दिवसाची वाटणी दिसतेय. दिवसभरात कोणी ‘आई’, ‘सूनबाई’, ‘मॅडम’ म्हणून हाक मारणार नाही असा वेळच नाही, मग तो झोपेतून कापून घेताय. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा वगैरे मी सांगेन, तेही कराच, पण अर्धा तास संध्याकाळी मिळाल्याशिवाय ते टिकायचं नाही. तुमच्या प्रश्नात मिस्टरांचा उल्लेखच नाहीये. रात्रीची भांडी-ओटा आणि मुलांची दप्तरं त्यांच्याकडे द्या, ओटा नीट पुसला नाही तरी पुन्हा पुसायला जाऊ नका.

प्रश्न : मुलगा दहावीला, अभ्यासाला बस म्हटलं की ‘पाच मिनिटं’. ओरडून घसा बसला. चाचणीत कमी पडले तेव्हापासून तर अजूनच टाळतोय.

उत्तर : ओरडणं बंद करा, उपयोग होत नाहीये हे तुम्हीच लिहिलंय. कॅनडातच विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, २०१० चा, त्यात पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. त्याला चाचणीचं गणित सोडवायला बसवा, फक्त चुकलेलं एक, तुम्ही शेजारी भाजी निवडत बसा, बोलू नका. लहानपणापासूनच वस्तू हरवणं, एका जागी न बसणं, सांगितलेलं विसरणं असं असेल तर मात्र एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या नि अतिचंचलतेच्या त्रासासाठी, तज्ज्ञांना दाखवा, तो वेगळा विषय आहे.

प्रश्न : डॉक्टरांनी स्तनातल्या गाठीसाठी सोनोग्राफी सांगितली होती. तीन महिने झाले, आधी लग्न होतं, मग पाहुणे. आता जायलाच नको वाटतं. कोल्हापूर.

उत्तर : लग्न, पाहुणे हे निमित्त, तुम्हाला भीती वाटतेय, आणि वाटणारच. अशा बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात, पण तुमची कुठली हे तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही, मला तर नाहीच. आणि असलीच तर लवकर कळलेल्या आजाराचे उपचार सोपे असतात. भीती जायची वाट बघू नका, ती घेऊनच जायचं. बहिणीला नाहीतर मैत्रिणीला आत्ता फोन लावा, अपॉइंटमेंट तिलाच घ्यायला सांगा, उद्याची किंवा परवाची, आणि त्या दिवशी तिने घरी येऊन तुम्हाला घेऊन जायचं असं ठरवा. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी सापडत नसेल तर शोधत बसू नका, ते परत लिहून देतात.