चार ठिपके कुठे गेले?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही भायखळ्याला एका जुन्या चार मजली इमारतीत राहतो. माझा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. गेल्या आठवड्यात त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांच्या दारावर काळ्या स्प्रेनं स्वस्तिक काढलं. स्प्रे एका मित्राच्या वडिलांचा, बाइकवरचे ओरखडे झाकायचा. आजोबा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, जन्म याच इमारतीतला, मराठी आमच्याहून चांगलं. मुलांचं त्यांच्याशी क्रिकेटवरून वाजलं होतं. काच फुटली म्हणून त्यांनी दोन बॉल ठेवून घेतले होते. आमच्याकडे सगळे त्यांना 'इस्रायलवाले' म्हणतात, पण प्रेमानं.

मुलगा म्हणतो, 'रीलमध्ये बघितलं, मस्करी होती, मला अर्थ माहीत नव्हता.' सासूबाई म्हणतात, 'स्वस्तिक तर शुभ. आपण उंबऱ्यावर काढतो, त्यात एवढं काय?' त्या घरच्या आजी चार दिवस बाहेर आलेल्या नाहीत. सेक्रेटरींनी डागावर कॅलेंडर लटकवलं आहे. रविवारी मीटिंग आहे, तिथं मुलांनी सगळ्यांसमोर पाया पडून माफी मागावी असं ठरतंय. काही जण पोलिसात जाऊ म्हणतात. फोटो सोबत पाठवते. मला एवढंच सांगा, त्याला खरंच कळत होतं का?
– एक आई, भायखळा

उत्तर : ताई, पत्र एकदा वाचलं, फोटो मात्र चार वेळा बघितला. सुरुवात फोटोपासूनच करते.

तुमच्या सासूबाई उंबऱ्यावर स्वस्तिक कसं काढतात ते आठवा. कुंकू, सरळ उभी-आडवी रेघ, चार वळणं आणि शेवटी चारही घरांत एकेक ठिपका. ठिपक्यांवाचून हात उचलला तर आमची आजी म्हणायची, 'अगं, राहिलं की.' दारावरचं चित्र पाहा. काळं आहे, एका कोपऱ्यावर उभं केल्यासारखं तिरकं आहे, भोवती वर्तुळ आहे. ठिपका एकही नाही. तुमच्या मुलानं जन्मापासून वर्षातून दहा वेळा आजीचं स्वस्तिक पाहिलेलं असणार. हात आपोआप वळला असता तर त्या वळणावर वळला असता. तो वळला नाही. म्हणजे हे चिन्ह घरचं नव्हे, दुसरं आहे, एवढं त्याच्या हाताला नक्की माहीत होतं.

लोक सांगतात की नाझींचं स्वस्तिक उलटं असतं. तसं काही नाही. त्यांचंही आपल्यासारखं उजव्या अंगाला वळलेलंच असतं. त्या पक्षानं ते 1920 मध्ये उचललं, लाल कापडावर पांढऱ्या वर्तुळात तिरकं बसवलं, 1935 मध्ये तो जर्मनीचा राष्ट्रध्वज झाला. पुढच्या दहा वर्षांत त्या झेंड्याखाली 60 लाख ज्यू मारले गेले. सासूबाईंचं स्वस्तिक शुभच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. पण शुभ म्हणून काढायचं होतं तर दिवाळीत काढायचं, विचारून काढायचं, कुंकवानं काढायचं. रात्री जिन्यातला दिवा घालवून काळ्या स्प्रेनं शुभेच्छा कोण देतं?

आता तुमचा प्रश्न. मी परळच्या एका शाळेत 31 वर्षं इतिहास शिकवला आणि हा प्रश्न मला एकदा फार महाग पडला. 1993 च्या जानेवारीतल्या दंगलीनंतर शाळा उघडली. सातवीच्या वर्गात एका बाकावर कर्कटकानं एक शिवी कोरलेली सापडली, मुसलमानांना देतात ती. कोरणारा लगेच कबूल झाला, रडायलाही लागला. मी विचारलं, 'याचा अर्थ काय रे?' त्याला सांगता येईना. खरोखरच येईना, ढोंग नव्हतं. मग मी विचारलं, 'वर्गात तीस बाकं आहेत. याच बाकावर का?' तो म्हणाला, 'बाई, तो इथं बसतो ना.'

शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, पण तो कोणाच्या बाकावर कोरायचा हे पक्कं ठाऊक. तेव्हापासून मुलांना कळतं का, असं कोणी विचारलं की मी या एका प्रश्नाचे दोन करते. इतिहास कळतो का? बहुतेकांना नाही, आठवीत तर नाहीच. कोणाला लागेल हे कळतं का? ते कळतं, आणि फार लवकर कळतं. तुमच्या इमारतीत दारं किती असतील? वीस-बावीस? बॉल आणखी कोणीच कधी ठेवून घेतला नसेल? दुसऱ्या कोणी ठेवला असता तर त्याच्या दारावर काय आलं असतं? एखादी शिवी, नाहीतर गाढवाचं चित्र. इथं मात्र नेमकं हे आलं.

ते त्या दारापर्यंत कसं पोचलं ते रील सांगणार नाही. रीलनं आकार दिला. आजोबांच्या दाराचा पत्ता कोणी दिला? रागावू नका, पण तुमच्या पत्रातलं 'पण प्रेमानं' मला खटकलं. ज्यांचा जन्म भायखळ्याचा त्यांना तुम्ही सगळे मिळून इस्रायलवाले म्हणता. त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले असं ते सांगतात. कोकणात घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, दिवेकर. त्यातल्याच सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये मांडवीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. वरळीच्या ज्या ई. मोझेस रोडवर आपण ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडतो, ते डॉक्टर मोझेस 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर होते. आणि आपण त्यांना कुठचे ठरवतो?

मी स्वतःलाही सोडत नाही. शाळेत मुलं मला पाठीमागं 'हिटलर बाई' म्हणायची आणि मला ते कळलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, थोडं बरंच वाटलं होतं. वर्ग शांत असायचा ना! आपल्याकडे कडक माणसाला हिटलर म्हणतात, त्याचं आत्मचरित्र फोर्टच्या फुटपाथवर यशस्वी माणसांच्या चरित्रांशेजारी मांडलेलं असतं. 2006 मध्ये खारघरला एका हॉटेलाला चक्क त्याचं नाव दिलं होतं, ज्यू समाजानं हरकत घेतल्यावर बदललं. मोठ्यांचंच हे असं, तर पोरं कुठून शिकणार?

सासूबाईंना आणखी एक सांगा. 'ते तर इथलेच, त्यांचं जर्मनीत काय गेलं' असं त्या म्हणाल्या नाहीत, पण रविवारी कोणीतरी म्हणणार. 26 नोव्हेंबर 2008 ला सुरू झालेल्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये सहा जणांना मारलं, ते घर ज्यूंचं म्हणून शोधून. तुमच्या मुलाचा तेव्हा जन्मही नव्हता. पण त्या आजी तेव्हा याच शहरात, बहुधा याच दाराआड होत्या. सकाळी दूध घ्यायला दार उघडल्यावर समोर हे चिन्ह. ते बॉलच्या भांडणातून आलंय हे त्यांना कसं कळणार? तुम्ही विचारताय त्याला कळत होतं का. त्यांना त्या क्षणी काय कळलं तेही कोणीतरी विचारायला हवं होतं. चार दिवस झाले.

तेव्हा आजच करा ते असं. कॅलेंडर काढा. फोटो तुमच्याकडे आहे, पुरावा राहील. आजोबांना विचारा, दार कसं करून हवंय. जुनं सागवानी दार दिसतंय, थिनर लावलात तर पॉलिशसकट जाईल आणि पांढरा चट्टा उरेल. पॉलिशवाला बोलवावा लागेल. खर्च तिन्ही घरांचा आणि मुलांच्या खाऊच्या पैशांतून काही महिने कापून घ्यायचा. फोटोत चौकटीवर जी लहानशी तिरकी डबी दिसते, तिच्यावरही एक ओघळ आलाय. तो मात्र कोणी पुसायला जाऊ नका. ती मेझुझा. तिच्या आत हिब्रू वचनं लिहिलेलं चर्मपत्र गुंडाळून ठेवलेलं असतं. तिचं काय करायचं ते त्यांचे तेच ठरवतील.

मीटिंगमधली माफी रद्द करा. बाकाच्या प्रकरणात मी हीच चूक केली होती. कोरणाऱ्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं, माफी मागायला लावली, आणि ज्याचा बाक होता त्यालाही शेजारी उभं केलं. मला वाटलं, न्याय केला. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावर जाऊन बसला आणि वर्षभर पुढं आला नाही. ती शिवी आधी पाच-सहा जणांनी वाचली होती, माझ्यामुळं ती साठ जणांना पाठ झाली. शिवाय पाया पडलं की समोरच्याला आशीर्वाद द्यावाच लागतो. म्हणजे माफी मागणारे तुम्ही आणि ती देण्याची सक्ती त्या दोघांवर, वर चहा-बिस्किटं. मुलगा भेटायला जाईल तो त्यांनी बोलावलं तर, त्यांच्या वेळेला, तुमच्यासोबत. नाही बोलावलं तर नाही.

पोलिसांत जायचं की नाही हे कमिटीनं ठरवायचं नसतं. दार ज्यांचं, हक्क त्यांचा. 'जाऊ द्या, पोरं आहेत' सांगायला सेक्रेटरींना वर पाठवू नका. आणि समजा तक्रार झालीच तर घाबरून जाऊ नका. 2015 च्या बालन्याय कायद्यानं मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं आणि ते मंडळ समुपदेशन किंवा समाजसेवा असं काही सांगू शकतं. गंमत म्हणजे, तुमचा प्रश्न कायद्यालाही पडलेला आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नाही, आणि सात ते बारा या वयात आपण काय करतोय ते समजण्याइतकी पक्वता त्याला होती का, हे बघतात. तुमचा तेरा वर्षांचा आहे.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्न गावी सप्टेंबर 2016 मध्ये असंच झालं होतं. पूर्वी कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या एका जुन्या शाळेच्या भिंतींवर पाच किशोरवयीन मुलांनी स्वस्तिकं रंगवली, गोऱ्यांच्या ताकदीच्या घोषणा लिहिल्या. शेजारी डायनासोरही काढले! त्या डायनासोरांवरूनच मुलांची समज कळते. पाचांतले तिघे तर स्वतःच गोरे नव्हते. सरकारी वकील बाईंनी 35 पुस्तकांची यादी केली आणि न्यायालयानं शिक्षा दिली ती वाचनाची. वर्षभर महिन्याला एक पुस्तक वाचायचं, त्यावर लिहायचं, शिवाय ज्यूंच्या संहाराचं वॉशिंग्टनमधलं संग्रहालय बघून यायचं. मला ही शिक्षा आवडली, पण आपल्या घरी जशीच्या तशी लावू नका. आठवीतल्या पोराला पुस्तक शिक्षा म्हणून दिलंत तर पुस्तकही जाईल आणि शिक्षाही. त्यापेक्षा एखाद्या रविवारी बरोबर घेऊन मांडवीला जा, मस्जिद स्टेशनला उतरा आणि त्या नावाची गोष्ट चालता चालता सांगा.

त्याआधी एक करा. त्याला कागद-पेन्सिल द्या. म्हणा, आजी काढते ते स्वस्तिक काढ. मग म्हणा, शेजारी तू दारावर काढलंस ते काढ. काही बोलू नका, ओरडू नका, फोन हातात घेऊ नका. दोन्ही काढून झाली की त्यालाच विचारा, 'ठिपके कुठं गेले?' तो काय म्हणतो ते मला कळवा. आणि 'हे त्याच दारावर काढायचं कोणाच्या डोक्यात आलं' या प्रश्नावर त्यानं घरातल्याच कोणाचं नाव घेतलं, तर तेही कळवा.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा ऑनलाइन गेममध्ये आपल्या नावापुढं 88 लावतो. शाळेतून फोन आला की हा नाझी आकडा आहे, घरी लक्ष द्या. मी तर हादरलोच. मोबाइल काढून घेतला आहे. बरोबर केलं ना?
– एक वडील, गोरेगाव

उत्तर : इंग्रजी वर्णमालेत एच हे आठवं अक्षर. दोन एच म्हणजे 'हाइल हिटलर' या हिटलरच्या जयजयकाराची आद्याक्षरं, म्हणून 88. शाळेचं खोटं नाही. पण मोबाइल काढून घेण्याआधी आकडा कुठून आला ते विचारलंत का? दोन मुलं सांगते. एकाला विचारलं तर तो हसला, मित्राकडं बघितलं आणि मग 'असंच' म्हणाला. त्याच्याशी बसून बोलावं लागलं. दुसऱ्याच्या जर्सीवर शाळेनंच तो नंबर दिला होता. तिसरी शक्यताही असते, पोरं आईबापांचं जन्मसाल सर्रास लावतात. तुमचं वय तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.