डिझेल गाडीच्या इंजिनाला घरी बनवलेला ब्रॅकेट उष्णतेत टिकेल का?

टिकेल, पण तो बसणार कुठे त्यावर सगळं आलं. तुमचा इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपचा ब्रॅकेट तुटलाय आणि तुम्ही विचारताय, थ्रीडी प्रिंट करू की पत्र्याचा बनवू. प्रिंटच्या भानगडीत पडूच नका. प्रिंटिंगच्या प्लास्टिकपैकी पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पीईटीजी ८० ला. इथे कूलंटच ९० च्या घरात असतं, आणि संध्याकाळी सिंहगड रोडला अडकलात की बॉनेटखाली वारा नावालाही नाही. एबीएस शंभराच्या जरा वर तग धरतं, पण टर्बोशेजारी तेही नको.

मी आधी ॲल्युमिनियमच्या पट्टीचा केला होता. आठेक महिन्यांनी बघतो तर बोल्टच्या भोकापासून घडीपर्यंत केसाएवढी चीर, कडेला काळी भुकटी. वितळला वगैरे नव्हता हो! डिझेलच्या थरथरीने गेला. ॲल्युमिनियम १५० अंशांपुढे ढिलं पडू लागतं, आणि थरथरीत ते थकतंही लवकर.

मग भोसरीत ३ मिमी माइल्ड स्टीलचा कापून घेतला, अजून ठणठणीत आहे. ३०० अंशांपर्यंत त्याला फारसा फरक पडत नाही. घडी एकदम काटकोनात मारू नका, थोडी गोलाई ठेवा. भोकाच्या कडा कानसीने घासा. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा वेल्ड करणार असाल तर जस्त आधी घासून काढा, तो धूर वाईट. मूळ ब्रॅकेटला रबर बुश (बोल्टभोवतीचं थरथर झेलणारं रबर) असेल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणून बसवाच.

इंजिन माउंटिंगचा, म्हणजे इंजिनच धरून ठेवणारा ब्रॅकेट असेल तर मात्र हे सगळं विसरा, कंपनीचाच घ्या.