तो अंगठा परत घे

ताई, मी २९ वर्षांचा. घर जुळे सोलापूरला, नोकरी पुण्यात. घरच्यांनी एक स्थळ आणलं. मुलगी २५ वर्षांची, पाण्याच्या प्रश्नावर राज्यभर काम करणाऱ्या एका संस्थेची सोलापूर शाखा सांभाळते. मला ती आवडली आहे. तीनदा भेटलो, पण ओळख म्हणून होतच नाही. कंबर तलावावर बसलो तर गल्लीतल्या पाण्याची चावी सोडणाऱ्याचा फोन येतो आणि अर्धा तास जातो. आमच्याकडे मोटर असल्याने पाण्याचा त्रास नाही, तरी बोलणं फिरून तिथंच येतं. मध्ये तिने माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा पाठवला, आकडे बघशील का म्हणाली, मी अंगठा पाठवला. आई विचारते, लग्नानंतर हे सगळं सोडणार का? तिला न दुखवता हे कसं विचारू?

आईचा प्रश्न राहू दे. पत्राच्या मधोमध तू एक वाक्य घाईघाईने उरकलं आहेस. तिने मसुदा पाठवला आणि तू अंगठा पाठवलास. वाचला असतास तर त्यात काय होतं याचा एक तरी शब्द पत्रात आला असता. तीन भेटींत तिची ओळख झाली नाही म्हणतोस. अरे, ती मोबाइलवर तुझ्या हातात आली होती.

तो कागद म्हणजे काय, ते आधी समजून घे. आपल्या राज्याच्या नियमाने माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. त्या १५० शब्दांत ‘आमच्या पेठेत पाणी उशिरा का येतं’ असं विचारलं, तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. दप्तरात आहे तेच मागावं लागतं. अमुक जलकुंभावरून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाणी कधी सोडलं, कधी बंद केलं, त्या नोंदवहीच्या प्रती. दोन-तीन वर्षांचं एकदम मागितलं तर माहिती विस्तृत स्वरूपाची म्हणून अर्ज परत येतो. एखादी तारीख लिहायची राहिली तर भलत्याच महिन्याचे कागद हातात पडतात. उत्तराला ३० दिवस. ते आलं नाही किंवा अर्धवट आलं तर २० रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील, त्याच्या निर्णयाला आणखी ३० ते ४५ दिवस. एक शब्द चुकला की अडीच महिने गेले.

आणि अर्ज संस्थेच्या नावाने चालत नाही, नागरिकाच्या नावाने लागतो. खाली सही तिची, पत्ता तिच्या घरचा. शाखेत कॉलेजची मुलं हौसेने येतात, परीक्षा आली की पांगतात. महापालिकेचा पाणीपुरवठा बघणाऱ्या सार्वजनिक आरोग्य अभियंत्याच्या कार्यालयात आवक शिक्क्याची पोच घ्यायला आणि महिन्याने ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकायला शेवटी तीच उरते. तिच्या कागदातली चूक शोधायला समोर अख्खं कार्यालय बसलेलं असतं. ती चूक त्यांच्याआधी दाखवणारं एक माणूस तिला हवं होतं, आणि तिने तुला विचारलं. कांदेपोह्यांना सगळेच नीटनेटके असतात. कच्चा मसुदा मात्र आपण आपल्या माणसालाच दाखवतो.

त्या फोनबद्दलही तुझी कुरकूर आहे. सोलापुरात उजनी भरली की सगळे हुश्श करतात, पण नळाचा फेरा, म्हणजे पाणी किती दिवसांनी येतं ते, एकट्या धरणावर ठरत नाही. ११७ टीएमसीच्या त्या धरणात साधारण ६४ टीएमसी नुसता मृतसाठा आहे, म्हणजे दारांतून आपोआप बाहेर न येणारं पाणी. धरणातलं पाणी शहराजवळ आलं तरी जलवाहिनी किती वाहते, जलकुंभ किती भरतो आणि गल्लीतला व्हॉल्व्ह किती फिरवला, यावर घागर भरते किंवा रिकामी राहते. यातलं शेवटचं फक्त चावी सोडणाऱ्याला माहीत असतं. नोकरी सांभाळून तो तिला खरं सांगतो. त्याचा फोन तिने उचललाच पाहिजे. तू अर्धा तास कंबर तलावाकडे बघत बसलास त्याऐवजी ती काय विचारतेय ते ऐकलं असतंस, तर ही मुलगी कशी आहे ते तेव्हाच कळलं असतं.

आता आकडे. ती लिटर आणि मिनिटांचा हिशेब मांडत असणार. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटरचं प्रमाण धरतात. पाच माणसांचं घर आणि पाच दिवसांचा फेरा धरला तर एका पाळीत ३३७५ लिटर पाणी घरात यायला हवं. म्हणजे २०० लिटरचे सतरा बॅरल. शहराच्या पूर्व भागातल्या दोन खोल्यांत सतरा बॅरल ठेवून माणसं कुठं झोपणार? नळ मिनिटाला १० लिटर देत असेल तर तेवढं पाणी भरायला साडेपाच तासांच्या वर लागतात. पाणी दोनच तास सुटलं तर मिळतं १२०० लिटर. म्हणजे माणशी रोज ४८. हा हिशेब अर्जात बसत नाही, पण नोंदवही मागायची ती याचसाठी.

तू इंजिनिअर आहेस की नाही ते पत्रात नाही. नसलास तरी बादली आणि घड्याळ चालवता येतं, तेव्हा येत्या पाण्याच्या दिवशी तुझ्या घरच्या नळाचं माप घे. बादलीवरच्या छापील आकड्यावर विसंबू नकोस, लिटरच्या बाटलीने वीस वेळा भर आणि तिथं खडूने रेघ ओढ. पाणी सुटल्याची वेळ लिहून ठेव. सुरुवातीचं गढूळ पाणी झाडांना जाऊ दे. घरातले बाकीचे नळ बंद कर. मग रेघेपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते बघ. १२० सेकंद लागले तर मिनिटाला १० लिटर. पाणी आल्यावर एकदा, मध्ये एकदा, जायच्या आधी एकदा. दाब बदलत असतो, त्यामुळे एकाच मापाने फसगत होते. तिन्ही मापं मोटर बंद ठेवून.

त्या मोटरीचंही बघ. ती हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवत असेल तर तक्रार नाही. थेट नळाला जोडलेली असेल, तर तुमच्याकडे त्रास नाही तो शेजारच्या घरांच्या जिवावर. मोटर लाइनीतलं पाणी ओढते, पुढच्यांच्या नळाची धार करंगळीएवढी होते. ओढ जास्त झाली तर जिथं पाइप फुटका आहे तिथून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं आणि तेच पुढं सगळ्यांच्या हंड्यात पडतं. अशा मोटरी महापालिका जप्त करते, ते कशासाठी हे आता तुला कळेल. थेट जोडणी असेल तर ती काढ, आणि होती हे तिला स्वतःहून सांग. तिला ते दुसरीकडून कळू देऊ नकोस.

आईचीही मदत घे. पाण्याच्या दिवसाला दिनदर्शिकेवर खूण करायची सवय काही घरांत असते. तुमच्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका उलटून बघ. आईच्या खुणा सापडल्या तर सहा महिन्यांच्या पानांचे फोटो काढ. कार्यालयाची नोंदवही पाणी सोडलं म्हणते आणि त्या तारखेला आईची खूण नसते, तो फरक तुझ्या होणाऱ्या बायकोला सोन्यासारखा आहे. फोटो कुणासाठी काढतोयस ते आईला सांगूनच काढ. ‘सोडणार का’ याचं उत्तर तिला त्या पानांवरच शोधू दे. तू मात्र तो प्रश्न विचारायचा नाहीस. जे काम तू वाचलंही नाहीस ते तिने सोडावं का, हे विचारायचा हक्क तुला आलेला नाही.

शुक्रवारी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने येशील तेव्हा मसुदा उघड. १५० शब्द आहेत, दौंड येईपर्यंत तीनदा वाचून होतील. कुठून कुठपर्यंतची माहिती ती तारीख आहे का, कोणत्या जलकुंभाची ते लिहिलंय का, कुठं ‘का’ राहून गेलाय का, तेवढं बघ. मग त्याच अंगठ्याखाली तिला लिही: ‘तेव्हा न वाचता पाठवला होता. आज वाचला.’ आणि त्याच्या पुढे जे खरंच सापडलं असेल ते. काही सापडलं नाही तर जे समजलं नाही ते विचार.