अक्का, टेस्टवर अजून दोन रेघा दिसतायत

प्रश्न: अक्का, नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नाहीत म्हणाले, बेळगावात नेऊन क्युरेटिंग केलं, त्याला आता बारा-तेरा दिवस झाले. अजून मधेच अंगावरून जातंय, दोन दिवस काही नाही की परत डाग. काल कपाटात एक किट राहिलेलं सापडलं, काय मनात आलं काय माहीत, करून बघितलं तर दोन रेघा. तेव्हापासून डोकंच चालेना. बाळ आत आहे का अजून? मिस्टर उद्यमबागला फाउंड्रीत शिफ्टला असतात, घरी सासूबाई आणि मी, आणि शेतात रोप लागण सुरू आहे. सासूबाई म्हणतात दोन महिन्याचंच होतं की, बाळंतपण झालंय होय, चल चिखलात. आई म्हणते सव्वा महिना उठायचं नाही, शेक-शेगडी घ्यायची. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: अगं, आधी त्या दोन रेघांचं सांगते. किट बाळ बघत नाही गं, ते फक्त लघवीतलं एचसीजी नावाचं हार्मोन बघतं आणि ते हार्मोन पिशवी रिकामी झाली तरी रक्तातून हळूहळू उतरतं, तीन-चार आठवडे लागू शकतात. त्यामुळे तुझ्या या दिवसांत दोन रेघा येणं चालतं. आता रोज रोज करून बघू नको, जीव नुसता टांगणीला लागतो. क्युरेटिंगला महिना होईल तेव्हा एकदा कर, तेव्हाही पॉझिटिव्ह आलं तर सोनोग्राफी करून आत काही राहिलंय का ते बघावं लागेल.

डाग थांबून परत येणं पण बहुतेकींना होतं, साधारण दोन आठवड्यांत कमी होत थांबतं. पण तासाला दोन-दोन पॅड पूर्ण भिजायला लागले आणि ते दोन तास तसंच चाललं, किंवा ताप 100.4च्या वर गेला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, पोटात सहन होईना असं दुखलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर मिस्टरांची शिफ्ट सुटायची वाट बघायची नाही, 108ला फोन करायचा, रात्र असली तरी.

आता चिखलाचं. सासूबाईंना माझं नाव सांगून सांग, दिवस दोन महिन्यांचे होते पण रक्त तर अंगातलंच गेलंय ना. दिवसभर वाकून रोप लावणं आत्ता नको, डाग पूर्ण थांबू देत, पायऱ्या चढताना धाप लागत नाही असं वाटू दे, मग हळूहळू. आईचं प्रेम कळतं मला पण सव्वा महिना खाटेवर पडून राहायची पण गरज नाही, घरात फिर, स्वयंपाक कर, दमलीस की पड. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर घे, बरं वाटेल. खालून धुरी मात्र घ्यायची नाही आणि आत काही घालून धुवायचं पण नाही, इन्फेक्शन होतं. नवऱ्याजवळ जाणं डाग थांबेपर्यंत नको.

हिमोग्लोबिन तपासून घे, 12च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कर आणि त्या चहाबरोबर घेऊ नको, आपल्याकडे सकाळची गोळी चहाच्या घोटाबरोबरच जाते आणि अर्धी फुकट जाते. लिंबूपाण्याबरोबर घे. नाचणीची भाकरी, मेथी, अळिवाचा लाडू, आई देईल ते खा की सगळं.

आणि डिस्चार्ज कार्ड काढून रक्तगट बघ. निगेटिव्ह असेल आणि मिस्टरांचा पॉझिटिव्ह, तर अँटी-डीचं इंजेक्शन (पुढच्या वेळच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिल्याची नोंद आहे का बघ, ते खरं 72 तासांत द्यायचं असतं. नोंद नसेल तर उशीर झाला म्हणून गप्प बसू नको, कार्ड घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येईल, पण बीज त्याच्या आधीच सुटतं म्हणजे पाळी न येताच परत दिवस राहू शकतात हे दोघांनी लक्षात ठेवा. एक पाळी येऊन गेली आणि मनाची तयारी असली तर पुढचा चान्स घ्यायला शरीराची हरकत नसते, फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करायचं. तू विचारलं नाहीस पण मनात असणार म्हणून सांगते, खड्ड्यांच्या रस्त्यावरून बसने गेलीस किंवा घागर उचललीस म्हणून हे झालेलं नाही, पहिल्या तीन महिन्यांतली निम्मी तरी प्रकरणं गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात.

प्रश्न: निपाणीत गारमेंट फॅक्टरीत आहे, असंच झालं, सुपरवायझर म्हणतात चार दिवसांत या. रजा मिळते का?

उत्तर: मिळते गं, सहा आठवडे पगारी. 1961च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. आधीच्या वर्षभरात 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत असतील तर पैसे ईएसआयकडून येतात, त्यांच्या अटी त्यांच्या ऑफिसात विचार. यातूनच आजारपण लांबलं तर आणखी एक महिना मागता येतो. डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेताना त्यावर गर्भपात झाल्याची तारीख स्पष्ट लिहून घे, नुसतं 'विश्रांतीची गरज' असलं की ऑफिसवाले परत पाठवतात, आणि अर्ज लेखी देऊन पोच घे.